हरणारा संघ, वधारणारा मालक : बेसबॉलचे चाहते नेमके कशावर चिडतात?

4 एप्रिल 2025. पिट्सबर्गमध्ये पायरेट्स संघाचा हंगामातला घरच्या मैदानावरचा पहिला सामना, समोर न्यूयॉर्क यांकीज. पीएनसी पार्कवर एक छोटं विमान घिरट्या घालत होतं आणि त्याच्या मागे फलक फडफडत होता: ‘सेल द टीम, बॉब’. बॉब म्हणजे बॉब नटिंग, 2007 पासून या संघाचे मुख्य मालक. ‘संघ विका’ ही घोषणा त्या हंगामात स्टँडमधूनही पुन्हा पुन्हा उठली.

राग कशाचा, हे कळायला एका खेळाडूचं एक वर्ष पुरतं. पॉल स्कीन्स हा पायरेट्सचा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू. 2025 मध्ये त्याने दर नऊ डावांमागे सरासरी 1.97 धावा दिल्या आणि नॅशनल लीगमधल्या (मेजर लीग बेसबॉलच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळवला. तरी त्याच्या नावावर विजय 10 आणि पराभवही 10, कारण त्याने प्रतिस्पर्ध्यांना रोखून धरलं तरी स्वतःच्या संघाचे बॅटर धावाच करत नव्हते. संघाने 71 सामने जिंकले, 91 गमावले. स्कीन्सचा त्या वर्षीचा पगार होता 8 लाख 75 हजार डॉलर. खुल्या बाजारात अशा पिचरला वर्षाला साडेतीन-चार कोटी डॉलर मोजावे लागतात. एवढा हिरा जवळजवळ फुकटात हाती लागलाय, तर वाचलेल्या पैशातून दोन चांगले बॅटर आणायला काय हरकत आहे, हा चाहत्यांचा साधा प्रश्न आहे. 2025 पर्यंतचा पायरेट्सचा सर्वांत मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा: 8 वर्षांचे मिळून 10 कोटी 67 लाख 50 हजार डॉलर. डिसेंबर 2024 मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी एकट्या हुआन सोटोला 15 वर्षांसाठी 76 कोटी 50 लाख डॉलर कबूल केले.

(पायरेट्स हे नाव आपल्याकडे काहींच्या लक्षात असेल. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना पिचर म्हणून करारबद्ध करणारा हाच तो संघ. दोघेही मेजर लीगपर्यंत, म्हणजे बेसबॉलच्या सर्वांत वरच्या लीगपर्यंत, मात्र पोचले नाहीत.)

‘मालक कवडीचुंबक आहे’ हे उत्तर सोपं आहे आणि बऱ्याच अंशी खरंही. पण ते अर्धंच आहे. तीस संघांच्या या लीगचे नियम असे आहेत की हात आखडता घेणाऱ्या मालकाचं फारसं काही बिघडत नाही.

छप्पर नाही आणि जोतंही नाही

आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स सारखी असते. 2025 च्या हंगामासाठी ती 120 कोटी रुपये होती. त्यावर जाता येत नाही आणि त्यातला ठरावीक हिस्सा खर्च करावाच लागतो. अमेरिकेतल्या फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या मोठ्या लीगमध्येही पगारखर्चाला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा आहेत. मेजर लीग बेसबॉलमध्ये दोन्ही नाहीत. एखाद्या संघाने 40 कोटी डॉलर उधळावेत, दुसऱ्याने 7 कोटींत भागवावं, दोन्ही नियमात बसतं. लॉस एंजेलिस डॉजर्सचा 2025 चा पगारखर्च, लक्झरी टॅक्ससाठी (त्याबद्दल पुढे) मोजतात त्या पद्धतीने, सुमारे 41 कोटी 70 लाख डॉलर होता.

फरक इतका का, याचं मोठं कारण स्थानिक टीव्ही. बेसबॉलमध्ये संघ हंगामात 162 सामने खेळतो आणि त्यातल्या बहुतेक सामन्यांचे हक्क संघ आपापल्या भागातल्या वाहिनीला विकतो. डॉजर्सचा 2014 पासूनचा स्थानिक करार 25 वर्षांचा आणि सुमारे 8.35 अब्ज डॉलरचा आहे. पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी, मिलवॉकी अशा शहरांत तेवढी घरंच नाहीत. त्यात मार्च 2023 मध्ये अनेक संघांचे सामने दाखवणारी डायमंड स्पोर्ट्स ही कंपनी दिवाळखोरीत गेली आणि छोट्या शहरांचं हे उत्पन्न आणखी डळमळलं. त्यामुळे ‘आमच्याकडे तेवढा पैसाच नाही’ हे छोट्या संघांचं म्हणणं साफ खोटं नाही. खोट आहे ती त्यापुढच्या हिशेबात.

एका जादा डॉलरचं काय होतं?

मोठ्या शहरांनी छोट्यांना हात द्यावा म्हणून लीगमध्ये उत्पन्न-वाटणी आहे. प्रत्येक संघ आपल्या निव्वळ स्थानिक उत्पन्नाचे (तिकिटं, स्थानिक टीव्ही, मैदानावरचं खाणंपिणं, जाहिराती, वजा स्टेडियमचा खर्च) 48 टक्के एका सामायिक पेटीत टाकतो. ती पेटी तीसही संघांत सारखी वाटली जाते. देशभरच्या टीव्हीचा, इंटरनेटचा आणि परवान्यांचा पैसा वेगळा. तो लीग थेट जमा करते आणि वाटते.

आता आकडेमोड. समजा पायरेट्सने चांगला बॅटर आणला, गर्दी वाढली आणि स्थानिक उत्पन्नात 100 डॉलरची भर पडली. त्यातले 48 पेटीत गेले. पेटीतल्या त्या 48 चा तिसावा हिस्सा, म्हणजे 1.60 डॉलर, परत आला. हातात राहिले 53.60. प्रत्यक्षातलं सूत्र याहून किचकट आहे, पण दिशा हीच. जिंकून मिळवलेल्या प्रत्येक जादा डॉलरमधला निम्म्याजवळचा हिस्सा इतरांना जातो. खेळाडूचा पगार मात्र शंभर टक्के स्वतःच्या खिशातून.

त्यात एका विजयाची किंमत मिळवा. फ्री एजंट म्हणजे करारमुक्त खेळाडू. त्यांच्या बाजारात विश्लेषक ढोबळमानाने असं धरतात की हंगामात एक जादा विजय विकत घ्यायला 80-90 लाख डॉलर पडतात. पण सगळे विजय सारखे नसतात. 72 वरून 76 वर गेलं तर पिट्सबर्गमध्ये कुणी ढोल वाजवत नाही. 86 वरून 90 वर गेलं की प्लेऑफचं दार उघडतं, तिकिटं खपतात, पुढच्या वर्षीचे सीझन पासही जातात. 2022 पासून प्लेऑफमध्ये 12 संघ घेतात. म्हणजे तळाच्या मालकाला खरा परतावा हवा तर 15 विजयांची उडी एकदम घ्यावी लागते, साधारण 12-13 कोटी डॉलर वर्षाला, तेही यशाची हमी नसताना. चार-पाच विजयांपुरता खर्च हा हिशेबात सरळ तोटा. म्हणून तो होतच नाही.

ग्यानबाची मेख इथे आहे. वाटणीचा पैसा छोट्या संघांनी खेळाडूंवर खर्च करावा म्हणून दिला, पण तो मिळण्यासाठी जिंकावं लागत नाही. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या करारात अट आहे की ही रक्कम मैदानावरची कामगिरी सुधारण्यासाठी वापरली पाहिजे. 2018 मध्ये खेळाडू संघटनेने पायरेट्स, ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, मायामी मार्लिन्स आणि टॅम्पा बे रेज या चार संघांविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार नोंदवली. पण ‘कामगिरी सुधारण्यासाठी’ या शब्दांत काहीही कोंबता येतं: मायनर लीगची (खालच्या पातळीवरच्या, खेळाडू तयार करणाऱ्या संघांची) मैदानं, डॉमिनिकन रिपब्लिकमधली अकादमी, संगणकतज्ज्ञांचे पगार. सगळं खर्चात धरता येतं आणि त्यातलं बरंचसं खरोखर उपयोगाचंही असतं. मेजर लीगच्या संघात तिसऱ्या बेसवर कोण उभा आहे, हा प्रश्न तसाच राहतो.

अट कडक केली की फरक पडतो, याचं उदाहरणही आहे. 2024-25 च्या हिवाळ्यात अ‍ॅथलेटिक्सने एकाएकी हात सैल सोडला. पिचर लुईस सेव्हेरिनोला 3 वर्षांसाठी 6 कोटी 70 लाख डॉलर दिले, जो त्या संघाच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा करार होता. अमेरिकी वृत्तपत्रांनी त्याचं कारण दिलं ते असं: वाटणीतून जेवढं मिळतं त्याच्या दीडपट पगारखर्च दिसला नाही तर पुन्हा तक्रार होईल, आणि त्यासाठी त्यांना सुमारे 10 कोटी 50 लाखांचा आकडा गाठायचा होता. मालकाला अचानक खेळाचं प्रेम फुटलं असं कुणीच म्हणालं नाही.

सहा वर्षं हक्काचा माणूस

स्कीन्स इतका स्वस्त कसा? मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू साधारण पहिली तीन वर्षं संघ देईल तो पगार घेतो. 2025 मध्ये किमान पगार 7 लाख 60 हजार डॉलर होता. पुढची तीन वर्षं आर्बिट्रेशनची: पगारावर एकमत झालं नाही तर खेळाडू एक आकडा मांडतो, संघ एक, आणि लवाद दोहोंपैकी एकच निवडतो. मधला आकडा काढायची मुभा लवादाला नाही. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा.

यात ‘वर्ष’ म्हणजे मेजर लीगच्या यादीतले 172 दिवस. हंगाम साधारण 187 दिवसांचा. म्हणजे तरण्या खेळाडूला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मायनर लीगमध्ये बसवून ठेवलं की वर्ष भरत नाही आणि संघाला त्याचं सातवं वर्ष पदरात पडतं. शिकागो कब्जने 2015 मध्ये क्रिस ब्रायंटला 17 एप्रिलला बोलावलं. हंगामाअखेर त्याचे दिवस भरले 171. एक दिवस कमी. त्याने दाद मागितली आणि 2020 मध्ये तो हरला, कारण ‘त्याचं क्षेत्ररक्षण अजून कच्चं होतं’ हे संघाचं म्हणणं खोटं ठरवता येत नाही.

2022 च्या करारात यावर थोडा उतारा आला. पदार्पणाच्या वर्षी सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोनांत आलेल्याला पूर्ण वर्ष धरतात. 11 मे 2024 ला आलेल्या स्कीन्सला हेच लागू झालं, कारण तो पुरस्कार त्याने जिंकला. शिवाय पगार-वाटाघाटीचा हक्क न मिळालेल्या तरुणांसाठी लीग दरवर्षी 5 कोटी डॉलरचा बोनस वाटते; 2025 मध्ये त्यातले सुमारे 34 लाख स्कीन्सला मिळाले. लक्षात घ्या, हे पैसे तीस संघ सारखे भरतात. म्हणजे स्कीन्सच्या कौतुकातले एकोणतीस वाटे दुसऱ्यांनी दिले.

श्रीमंतांचंही कारण तयार असतं: लक्झरी टॅक्स

वरची मर्यादा नाही, पण एक रेघ आहे. 2025 मध्ये ती 24 कोटी 10 लाख डॉलरवर होती, 2026 साठी 24 कोटी 40 लाख. पगारखर्च रेघेवर गेला की वरच्या रकमेवर दंड: पहिल्या वर्षी 20 टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्यापासून 50. शिवाय जितकं वर जाल तितका अधिभार.

तिसऱ्यांदा रेघ ओलांडणारा संघ 7 कोटी डॉलरने वर गेला असं धरू. पहिल्या 2 कोटींवर 50 टक्के, म्हणजे 1 कोटी. पुढच्या 2 कोटींवर 62 टक्के, 1 कोटी 24 लाख. त्यापुढच्या 2 कोटींवर 95 टक्के, 1 कोटी 90 लाख. शेवटच्या 1 कोटीवर 110 टक्के, 1 कोटी 10 लाख. एकूण दंड 5 कोटी 24 लाख. पहिल्यांदाच ओलांडणाऱ्याला हाच आकडा 3 कोटी 9 लाख पडतो. म्हणून अनेक श्रीमंत संघ मधलं एखादं वर्ष मुद्दाम रेघेखाली उतरतात: दर पुन्हा 20 टक्क्यांपासून सुरू होतो.

याच मोहात बॉस्टन रेड सॉक्सने फेब्रुवारी 2020 मध्ये आपला अव्वल खेळाडू मूकी बेट्स डॉजर्सना देऊन टाकला. बॉस्टन म्हणजे काही गरीब गाव नव्हे. त्याच मालक-समूहाकडे इंग्लंडचा लिव्हरपूल फुटबॉल क्लबही आहे. डॉजर्सनी त्याच जुलैत बेट्सला 12 वर्षं आणि 36 कोटी 50 लाखांचा करार दिला आणि त्यानंतर 2020, 2024, 2025 अशा तीन वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगच्या अंतिम लढती, जिंकल्या. बॉस्टनच्या चाहत्यांना ‘आर्थिक लवचीकता’ हे संघाने कारण म्हणून वापरलेले शब्द आजही सहन होत नाहीत. दुसरीकडे डॉजर्सनी 2025 साठी 16 कोटी 94 लाख डॉलर नुसता दंड भरला. काही संघांच्या अख्ख्या पगारपत्रकाहून जास्त. रेघ ही भिंत नसून टोलनाका आहे, आणि टोल परवडणारे बिनदिक्कत पुढे जातात.

झाकली मूठ

‘आमचा नफा फार नाही’ असं मालक म्हणतात तेव्हा तपासायला काही नसतं. बहुतेक संघ खासगी मालकीचे, हिशेब बंद. शेअर बाजारात नोंद असल्यामुळे अटलांटा ब्रेव्हजचे आकडे मात्र उघड असतात: 2024 चं उत्पन्न सुमारे 66 कोटी डॉलर, आणि त्यातले सुमारे 6 कोटी 70 लाख मैदानाशेजारच्या दुकानं-हॉटेलं-कार्यालयांच्या वसाहतीतून. ती वसाहत मैदानामुळे चालते, पण तिचं भाडं बेसबॉलचं उत्पन्न म्हणून दिसत नाही. बाकीच्यांची मूठ झाकलेली, सव्वा लाखाची.

वार्षिक नफा हा तसाही लहान भाग. खरी कमाई संघाच्या किमतीत. डेव्हिड ग्लास यांनी कॅन्सस सिटी रॉयल्स 2000 मध्ये 9 कोटी 60 लाख डॉलरला घेतला आणि 2019 मध्ये सुमारे 1 अब्जाला विकला. मधल्या काळात संघाने चार वेळा शंभरच्या वर सामने गमावले. 2015 ला वर्ल्ड सिरीजही जिंकली, ते वेगळं. पण किंमत दहापट झाली ती त्या विजेतेपदामुळे नव्हे. संघ तीसच, विकत घेऊ पाहणारे धनाढ्य पुष्कळ, त्यामुळे हरणाऱ्याचाही भाव चढतो. त्यावर करसवलत: अमेरिकेत संघ विकत घेणाऱ्याला खरेदीची जवळजवळ सगळी रक्कम 15 वर्षांत घसारा म्हणून वजा करता येते. मालमत्तेची किंमत वाढत असताना कागदावर ती झिजत असते.

मग पैसा ओतला की झालं?

नाही, आणि इथे चाहत्यांचाही एक गैरसमज असतो. 2023 मध्ये मेट्सचा पगारखर्च लीगमध्ये सर्वाधिक होता. संघाने 75 जिंकले, 87 गमावले. 2025 मध्ये सर्वाधिक, म्हणजे 97, सामने जिंकले ते मिलवॉकी ब्रूअर्सनी, लीगमधल्या सर्वांत छोट्या बाजारपेठेतून. फ्री एजंट बहुधा तिशीच्या आसपास बाजारात येतो आणि करार संपेपर्यंत उतरणीला लागलेला असतो. मोठे करार फसतात ते बहुधा शेवटच्या वर्षांत. ब्रूअर्स तरुण घडवतात, महाग होण्याआधी विकतात आणि बदल्यात पुन्हा तरुण घेतात. पायरेट्सच्या मालकांना हे उदाहरण फार आवडतं. पण ब्रूअर्सचं जमतं ते खेळाडू घडवण्याची यंत्रणा उत्तम असल्याने. यंत्रणा सुमार आणि खर्चही कमी, असा दुहेरी उपास केला की पिट्सबर्गसारखं होतं: 2015 नंतर 2025 पर्यंत एकदाही प्लेऑफ नाही.

किमान खर्च सक्तीचा का करत नाहीत?

ऑगस्ट 2021 मध्ये मालकांनीच तसा प्रस्ताव ठेवला होता: किमान 10 कोटी डॉलर सक्तीचे. सोबत लक्झरी टॅक्सची रेघ मात्र 21 कोटींवरून 18 कोटींवर आणायची. तळाचं वाढवायचं आणि वरचं कापायचं. संघटनेने तो फेटाळला. पगारमर्यादेला खेळाडूंचा विरोध जुना आहे. डिसेंबर 1975 मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निकालाने खेळाडू संघाच्या आजन्म दावणीतून सुटले. 1985 ते 1987 या हंगामांनंतर मालकांनी आपसात ठरवून फ्री एजंटांना बोलीच लावली नाही. ते उघड झालं आणि 28 कोटी डॉलर भरपाई द्यावी लागली. 1994 मध्ये पगारमर्यादेवरूनच संप झाला आणि वर्ल्ड सिरीज रद्द करावी लागली. मर्यादा आली की ती आधी आपल्याच मानेवर बसते, असं खेळाडूंना वाटतं ते या इतिहासामुळे. सध्याचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो, आणि मर्यादेचा विषय मालकांनी पुन्हा पुढे आणला आहे.

बहिष्काराचं गणित

मैदानावर जाणं बंद केलं तर? वरचं सूत्र उलटं फिरवा. 100 डॉलरची तिकिटं खपली नाहीत तर मालकाचे 100 जात नाहीत, सुमारे 53.60 जातात, उरलेली झळ पेटीतून इतर संघ सोसतात. राष्ट्रीय टीव्हीचा पैसा तर हलतही नाही.

ओकलंडच्या चाहत्यांनी म्हणून उलटा बहिष्कार केला. 13 जून 2023 ला ठरवून 27,759 लोक आले, हिरव्या टी-शर्टवर एकच शब्द: ‘सेल’. आम्ही आहोत, नाही तो मालक, हे दाखवायचं होतं. त्याच आठवड्यात नेवाडाच्या विधिमंडळाने लास वेगासमधल्या नव्या मैदानासाठी 38 कोटी डॉलरपर्यंतची सार्वजनिक मदत मंजूर केली. मालक जॉन फिशर यांनी संघ विकला नाही, हलवला. ओकलंडमधला शेवटचा सामना 26 सप्टेंबर 2024 ला झाला.

आपल्या संघाचा मालक खरंच हात आखडतोय का, हे पाहायचं असेल तर एकच आकडा बघून भागत नाही. बातम्यांत कधी त्या वर्षी प्रत्यक्ष द्यायचा पगार असतो, कधी टॅक्ससाठीचा. दुसऱ्यात 40 खेळाडूंच्या कराराची वार्षिक सरासरी आणि विमा-निवृत्तीचा खर्चही धरतात, त्यामुळे तो बराच फुगतो. शोहेई ओहतानीचा डॉजर्सशी करार 70 कोटींचा. त्याला वर्षाला हातात मिळतात 20 लाख, कारण 68 कोटी 2034 ते 2043 या काळात द्यायचे आहेत. आणि टॅक्ससाठी तो धरला जातो सुमारे 4 कोटी 60 लाख. दोन संघांची तुलना करताना दोघांचाही एकाच जातीचा आकडा घ्यावा. मग बघावं की सहा वर्षं भरत आलेल्या चांगल्या खेळाडूंपैकी गेल्या दहा वर्षांत किती जणांना संघाने थांबवलं.

पायरेट्सच्या बाबतीत ती परीक्षा तारखांसकट ठरलेली आहे. स्कीन्स 2027 च्या हंगामापासून आर्बिट्रेशनला पात्र होतो, आणि नवा करार झाला नाही तर 2029 चा हंगाम संपताच मोकळा.